कंपोझिटर

नट्टापट्टा मला आवडत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलेले आहे की आमच्या घरात ते माझ्याच नावावर जमा झाले आहे. शाळेत चित्रकलेचा तास घेताना मी मुलांना सांगतो, आधी रेघ नीट काढा, रंग मागाहून. कादंबरी लिहिताना विशेषणांच्या बाबतीत मी पक्का कोकणी माणूस असतो. एकाने भागत असेल तर दुसरे खर्च करीत नाही. दिवाळीच्या कंदिलालासुद्धा मी शेपट्या फार लावू देत नाही. असा मी एका श्रावणात चार दिवस आणि चार रात्री, संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या डुलाव्यात, पडदा ठोकळ्यासारखा गरगर फिरावा, या खटपटीत घालवीन असे भविष्य कुणी वर्तवले असते, तर त्याला मी दक्षिणा न देताच वाटेला लावले असते.

पण घडले खरे तसे. आणि ते का घडले, हे सांगायचे तर आमच्या संगणकापासून सुरुवात करायला हवी.

आमचे घर संगमेश्वरी. शास्त्री आणि सोनवी या दोन नद्या जिथे एकमेकींना भेटतात त्या गावाला संगमाचे नाव पडले यात नवल नाही. पण पावसाळ्यात या दोघी बहिणी भेटीच्या आनंदात बाजारपेठेपर्यंत फिरायला येतात, तेव्हा नावाचा अभिमान जरा आवरता घ्यावा लागतो. असल्या दमट हवेत लोखंडाला आठ दिवसांत तांब चढतो. तरीही २०१० साली घेतलेला आमचा संगणक अजून जिवंत आहे. त्यावर मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. शिक्षणाने मी एस. एस. सी., म्हणजे आमच्या आजोबांच्या भाषेत मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाचा कोर्स केला आणि मास्तर झालो. यंत्रातले मला काही कळत नाही. ते चालते तोवर मी त्याला हात जोडतो, आणि बंद पडले की पुण्याच्या भाच्याला फोन करतो.

हा भाचा २०२५ च्या मे महिन्यात आंबे खायला आला, आणि कोयी टाकायला उठता उठता म्हणाला, “मामा, येत्या ऑक्टोबरात तुमच्या विंडोज टेनचा फुकटचा आधार संपतोय. पुढचं विंडोज काही या म्हाताऱ्याला पेलणार नाही. लिनक्स घालून देतो.”

“पैसे?”

“शून्य.”

कोकणी माणसाला यापुढे वाद घालता येत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ज्याचा गाभा लिहिला, आणि पुढे जगभरच्या लोकांनी, पुष्कळांनी तर एक पैसाही न घेता, जे वाढवले, ते लिनक्स आमच्या माजघरात आले. त्याच्या या जातीचे नाव मिंट, म्हणजे पुदिना; आणि पडद्यावरच्या मांडणीचे नाव माटे. हे दक्षिण अमेरिकेतल्या एका चहासारख्या पेयाच्या झुडपाचे नाव आहे, असे भाच्याने सांगितले. मला मात्र ते आडनावासारखे वाटले, आणि घरात एक पाहुणे आल्यासारखे झाले.

लिनक्स घालताना एक अडचण आली. आमच्या जुन्या मॉनिटरचा पडदा सुरू होता होता काळा ठिक्कर पडे. भाच्याने रात्री अकरा वाजता कुठलीशी फाइल उघडून एका ओळीत एक शब्द घातला, आणि पडदा उजळला. सकाळच्या गाडीने तो पुण्याला गेला. तो शब्द तिथेच राहिला. पुढच्या सगळ्या रामायणातला मारीच तो. पण तो आम्हाला ओळखू आला नाही. मारीच कधी ओळखू येतो का?

जूनच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि जुना मॉनिटर तिच्याबरोबर गेला. मी देवरुखाहून नवा, बावीस इंची, मॉनिटर आणला. तो मोठा आणला याला कारण आमचे अण्णा.

अण्णांविषयी लिहायचे म्हणजे हात आखडतो. ते गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. शिशाचे खिळे एकेक उचलून, स्टिकमध्ये डावीकडून उजवीकडे उलटी अक्षरे जुळवीत जाणारा माणूस म्हणजे कंपोझिटर, मराठीत जुळारी. इंग्रजीच्या जुळाऱ्याला मोठी आणि लहान लिपी धरून शंभर-दीडशे घरांत भागते. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे काने, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांच्या कितीतरी घरांची भिंतच उभी असे. अण्णांचा हात तिच्यावरून न बघता फिरे. निर्णयसागरच्या खिळ्यांची गोष्ट निघाली की अजूनही ते एखाद्या गवयाने घराण्याविषयी बोलावे तसे बोलतात. पुढे संगणक आले, ऑफसेट आले, आणि १९९५ साली तो छापखाना बंद झाला. शिसे वजनावर विकले गेले. अण्णा पत्र्याची एक पेटी घेऊन गावी आले. त्या पेटीत एक स्टिक होती आणि अर्धा शेर खिळे होते.

घरात संगणक आला तेव्हा अण्णा त्याला काही बोलले नाहीत. फक्त पंधरा वर्षांत ते त्याच्या खोलीत कधी बसले नाहीत. मी लिहीत असलो की दारातून विचारीत, “चहा ठेवू का?” आणि उत्तराची वाट न बघता जात. माझ्या कादंबऱ्या छापून आल्यावर त्यांनी हातात घेऊन पाहिल्या. कागद चोळला, शिलाई तपासली, पानावरचा समास बोटाने मोजला. वाचल्या की नाहीत हे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. बापलेकांत असे पुष्कळ न विचारलेले असते, आणि त्यावर घर व्यवस्थित चालू राहते.

त्यांचे डोळे गेली चार वर्षे उतरत चालले होते. मोतीबिंदू असता तर निभावले असते. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. कडेचे दिसते, नेमके ज्याच्याकडे बघावे ते पुसट होते. म्हणजे माणूस अंगणातून चालत जाऊ शकतो, पण हातातली पत्रिका वाचू शकत नाही. चष्मा बदलून उपयोग नव्हता. अक्षर खूप मोठे असेल आणि काळ्यापांढऱ्यातला फरक ठळक असेल, तर थोडेफार वाचता येईल, एवढाच दिलासा मिळाला. भिंग आणले, त्यात चार शब्द मावत आणि हात कापला की तेही पळत. ज्या माणसाने आयुष्यभर अक्षरे हाताळली, त्याचे वर्तमानपत्र आता आमची ही मोठ्याने वाचून दाखवी. अण्णा ऐकत, पण वाचून ऐकणे आणि स्वतः वाचणे यांतला फरक जेवण आणि सलाईन यांतल्या फरकाएवढा आहे.

मोठ्या मॉनिटरवर मी त्यांना अक्षर मोठे करून दाखवले होते. पण लिहिण्याच्या पानावर अक्षर फुगवले की ओळी मोडतात. आणि बटणे, याद्या, बाण सगळे मुंगीएवढेच राहते. पान उलटायलासुद्धा माणूस शेजारी बसावा लागे. दोन दिवसांनी अण्णा म्हणाले, “राहू दे. तुझा वेळ जातो.” तो विषय संपला.

आता श्रावणात या. सहावीत असलेल्या माझ्या धाकट्या मुलीने मे महिन्यातच आतेभावाच्या लॅपटॉपवर एक चमत्कार पाहून ठेवला होता. पडदा मागे जाई, त्याचा चौकोनी ठोकळा होई आणि तो फिरवला की प्रत्येक बाजूवर वेगळे टेबल मांडलेले दिसे. खिडकी ओढली तर ती जेलीसारखी डुले. “बाबा, आपल्याकडे पण करू या ना!” हे पालुपद तिने दोन महिने चालवले. मी माझे नावावर जमा असलेले वाक्य दोन महिने म्हटले. शेवटी गोकुळाष्टमीच्या सुट्टीत तिने भाच्याला फोन लावला आणि ‘कॉम्पिझ’ नावाचे प्रकरण, त्याच्या सेटिंगांच्या कपाटासकट, उतरवून घेतले.

या कॉम्पिझचा इतिहास मला भाच्याने सांगितला, आणि चित्रकलेचा मास्तर म्हणून तो मला चटकन कळला. संगणकाची जुनी रीत अशी की सगळ्या खिडक्या एकाच कागदावर रंगवायच्या. एक खिडकी दुसरीवर आली की खालचीचा तेवढा भाग पुसला जाई; वरची बाजूला झाली की खालचीने आपला तुकडा पुन्हा रंगवायचा. नव्या रीतीत प्रत्येक खिडकी पडद्याआड आपापल्या वेगळ्या कागदावर रंगते, आणि एक स्वतंत्र कार्यक्रम ते सगळे कागद उचलून, एकावर एक रचून, शेवटचे चित्र पडद्यावर मांडतो. कागद सुटा असला म्हणजे त्याला वाकवा, पारदर्शक करा, लहानमोठा करा, तुमची मर्जी. ॲपलच्या संगणकावर हे २००१ मध्ये आले. लिनक्सच्या जगात त्याची सोय २००४ च्या सप्टेंबरात झाली. आणि २००६ साली नॉव्हेल कंपनीतल्या डेव्हिड रेव्हमन याने तिच्यावर हा कॉम्पिझ उभा केला. मायक्रोसॉफ्टचे झगमगते व्हिस्टा लोकांच्या हाती पडायच्या आधी वर्षभर फुकटातल्या लिनक्सवर ठोकळे फिरत होते, हे सांगताना भाच्याचा स्वर असा चढला की जणू त्याच्याच आळीतल्या मंडळाने हंडी फोडली होती. त्याच वर्षी मंडळात फूट पडून ‘बेरिल’ निघाले आणि २००७ मध्ये दोघे पुन्हा एक झाले, हे ऐकून तर हे लोक आपल्याच गावचे असावेत अशी माझी खात्री पटली.

“आणि मामा, कागद रचणाऱ्या या कार्यक्रमाला काय म्हणतात ठाऊक आहे? कॉम्पोझिटर.”

फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला होता. पडवीत झोपाळ्याची करकर थांबली. पण अण्णा काही बोलले नाहीत, आणि क्षणभराने करकर पुन्हा सुरू झाली.

मुलीने कॉम्पिझ सुरू केले मात्र, सगळ्या खिडक्यांच्या डोक्यावरच्या पट्ट्या नाहीशा झाल्या. आपण फुली मारून खिडकी बंद करतो ती पट्टी! माझी कादंबरी उघडी होती. ती मिटता येईना, हलवता येईना. देवळाचा कळस उतरवून न्यावा तशी खिडकी बोडकी दिसत होती. मी रागावलो, मुलगी रडली, आमच्या हिने दोघांनाही जेवायला बोलावले. संध्याकाळी भाच्याने इलाज सांगितला. आल्ट आणि एफ-दोन या कळा एकत्र दाबायच्या, येणाऱ्या चौकटीत ‘मार्को’, मग जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि ‘रिप्लेस’ असे लिहायचे. मार्को हा माटेंचा जुना, साधासुधा कारभारी. तो परत कामावर येतो आणि पट्ट्याही येतात. खिडक्यांना पट्ट्या नेसवण्याचे काम कॉम्पिझमध्ये एका वेगळ्या गड्याकडे असते, आणि यादीतली त्याच्यापुढची खूणच आम्ही केलेली नव्हती. ती केली. पट्ट्या आल्या. हे पहिले कोडे.

दुसरे कोडे ठोकळ्याचे. ठोकळा फिरवला तर तो पाटीसारखा चपटा! दोनच बाजू. मुलगी हिरमुसली. मी म्हटले, ठोकळ्याला उभ्या बाजू किती? चार. आणि टेबले किती मांडली आहेत? शोधता शोधता ‘आडव्या दिशेने आकार’ अशा अर्थाचा एक आकडा सापडला. तो दोन होता, चार केला. ठोकळा उभा राहिला. भूमितीचा हा विजय मला अंतःकरणात कुठेतरी सुखावून गेला, हे कबूल करतो. नट्टापट्टा न आवडणारा माणूस आता खुर्ची ओढून बसला होता.

पण ठोकळा फिरे तो बैलगाडीच्या चाकासारखा. थबकत, अडखळत, चार चित्रांत एक फेरा. खिडकी ओढली की ती मागाहून, दमेकऱ्यासारखी, येऊन पोचे. “म्हातारं झालंय यंत्र,” मी म्हणालो, आणि सगळे बंद करायला निघालो. तेवढ्यात मुलगी त्या कपाटातली यादी वरून खाली वाचीत एका मथळ्यापाशी थांबली. मथळा सुलभतेचा होता, म्हणजे ज्यांना बघायला, हाताळायला अडचण पडते त्यांच्यासाठी. तिने दोन खुणा केल्या. मग विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरली आणि माउसचे चाक फिरवले.

सगळा पडदा आमच्याकडे चालत आला. अक्षरे, बटणे, बाण, सगळेच एकदम मोठे. आणि माउस नेला तिकडे ते मोठेपण सरकू लागले. मग तिने तीच कळ आणि ‘एम’ दाबला. पांढऱ्याचे काळे झाले, काळ्याचे पांढरे. काळ्या फळ्यावर खडूने लिहावे तसा माझ्या कादंबरीतला एक शब्द पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला. शिरोरेषा तुळईएवढी जाड दिसत होती.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “आजोबांना दिसेल.”

अण्णांना हाक मारली. ते प्रथमच त्या खोलीत येऊन खुर्चीत बसले. मान थोडी तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्यांनी पाहिले आणि शब्द वाचला, “पायरी.” मग माउस हातात घेऊन पुढच्या शब्दाकडे न्यायला लागले. पण पडदा धक्क्याधक्क्याने उडे. ‘पायरी’च्या पुढचा शब्द येण्याऐवजी दोन ओळी खालचा येई. हात मागे नेईपर्यंत तोही निसटे. पाच मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. “यंत्राचा नाही, माझा दोष,” असे म्हणून ते उठले.

त्या रात्री मी भाच्याला अकरा वाजता फोन केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा यंत्राविषयी गयावया केली.

भाच्याने एक आज्ञा लिहायला सांगितली. तिचे नाव ‘जीएलएक्स-इन्फो’. संगणक चित्रे कशाने काढतो याची ती जबानी घेते. “डायरेक्ट रेंडरिंग होय म्हणतोय,” मी वाचले. “मग ठीक आहे,” तो म्हणाला. आणि या ‘ठीक आहे’ ने आमचे दोन दिवस खाल्ले. चित्रफलकाचे चालक तपासले. सगळ्या खुणा एकेक काढून पाहिल्या. झाकण उघडून पंख्यावरची धूळ झाडली. तिसऱ्या रात्री त्याने विचारले, “मामा, त्याच जबानीत खाली ‘रेंडरर’ अशी ओळ आहे. तिच्यापुढे काय आहे?”

मी अक्षर अक्षर वाचून दाखवले. एल, एल, व्ही, एम, पाइप.

पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “अरेच्चा! म्हणजे चित्रं काढणारी चिप झोपलीय, आणि तिचं सगळं काम मुख्य प्रोसेसर हातानं करतोय. छापखान्यात यंत्र उभं असताना मालकानं स्वतः रबरी शिक्के मारीत बसावं तसं. मामा, नवीन मॉनिटरवर चित्र जरा ताणल्यासारखं, फुसकं दिसतं का हो?”

दिसत होते. जूनपासून दिसत होते. मोठ्या मॉनिटरचा तो गुणच असेल असे मी समजत होतो.

“मग तो शब्द! मे महिन्यात मी घातला होता तो!”

तो शब्द होता ‘नोमोडसेट’. सुरुवातीलाच चिपने पडद्याचा ताबा घेऊ नये, असा हुकूम त्याने दिला जातो. जुन्या मॉनिटरचे आणि चिपचे जमेना, म्हणून त्या रात्री तो औषध होता. मॉनिटर गेला, औषध चालू राहिले. आजार बरा झाल्यावरही वर्षानुवर्षे चाललेल्या गोळ्या आपल्याकडे काय कमी असतात?

पण काढायचा तरी कसा? चुकून पडदा पुन्हा कायमचा काळा झाला तर माझी कादंबरी आत अडकेल, या भीतीने माझे हात थंड पडले. भाच्याने सांगितलेली युक्ती मला फार शहाणपणाची वाटली. शब्द एकदम खोडायचा नाही. यंत्र सुरू होताना शिफ्ट दाबून धरली की एक यादी येते. तिथे ‘ई’ दाबून त्या ओळीतला शब्द फक्त या खेपेपुरता काढायचा आणि एफ-दहा दाबायचे. फसले तर बंद करून पुन्हा सुरू करा, सगळे पूर्ववत्. आयुष्यातल्या किती निर्णयांना अशी सोय असती तर! कादंबरीची प्रत आधी एका पेनड्राइव्हवर घेतली, देवाचे नाव घेतले आणि एफ-दहा दाबले.

पडदा एक क्षण काळा झाला. तो क्षण फार मोठा होता. मग उजळला, आणि सगळी अक्षरे सुईने टोचून काढावी तशी रेखीव! जबानीत आता चिपचे खरे नाव आले. ठोकळा लाटेवरच्या होडीसारखा फिरला. मग आम्ही तो शब्द मूळ फाइलमधून कायमचा काढला, ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली, आणि रात्री दीड वाजता बापलेकींनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा रोज जेवणानंतर त्या खोलीत बसू लागले. वाचायला समोर होती माझी अपुरी कादंबरी. दुसरे काही उघडून द्यायचे मला सुचले नाही, की सुचूनही मी दिले नाही, हे माझे मलाच सांगता येणार नाही. कारण त्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात एक बाप आहे. त्याचा मुलगा मॅट्रिक होतो, रत्नागिरीच्या कॉलेजात जायचे म्हणतो, आणि बाप पडवीच्या पायरीवर बसून एवढेच म्हणतो, “जमणार नाही.” मुलगा मुंबईला काकांकडे जातो, दुकानांच्या पाट्या रंगवतो. १९९६ सालच्या जूनमधली ती पायरी मी तीस वर्षे छातीवर वागवली होती. प्रकरण लिहिताना मी हात आखडता घेतला नव्हता.

अण्णा एकेक शब्द वाचीत. काळ्यावर पांढरा, हाताएवढा. मी शाळेतून आलो की खोलीतून चाकाचा किर्र असा बारीक आवाज येई. चार दिवसांत अकरा पाने झाली. पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“हा टंक कुठला?”

“लोहित म्हणतात, अण्णा.”

“बरा आहे. रफार जरा अंग चोरून बसतो.” थोडे थांबून म्हणाले, “‘परिस्थिती’ दोन ठिकाणी चुकलंय. पहिली वेलांटी ऱ्हस्व. आणि गाय राहिली.”

“कुठली गाय?”

“तांबू. या बापानं गाय विकली होती. ते तू लिहिलं नाहीस.”

मला आठवत होते. “ती तर आजीच्या आजारपणात विकली ना?”

“आजारपण मागाहून. गाय मी तुझ्या फीसाठी विकली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी. आठ दिवस पैसे पेटीत होते, खिळ्यांच्या खाली. मग तुझी आजी पडली, तिला रत्नागिरीला न्यावं लागलं.” त्यांनी चाक फिरवून पडदा लहान केला; सगळे पान दिसू लागले, त्यांना न वाचता येणारे. “तुला कुणी सांगितलं नव्हतं. मग तू कसा लिहिणार? जे कॉपीत नाही ते कंपोझिटर जुळवीत नाही.”

मी काय बोलणार? मी विचारले, “तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगून फी भरली गेली असती का?” एवढे म्हणून अण्णा पुन्हा पडद्याकडे वळले.

वाचकहो, नट्टापट्ट्याविषयीचे माझे मत बदलले असे मी म्हणणार नाही. ठोकळा आम्ही आता बंद करून ठेवला आहे. पाहुण्यांची मुले आली की माझी मुलगी तो तेवढ्यापुरता फिरवून दाखवते. केडीई नावाच्या दुसऱ्या एका मांडणीतून असाच ठोकळा २०२१ मध्ये काढून टाकला होता आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा परत आणावा लागला, असे भाचा सांगतो. तेव्हा जगात हौशी माणसे पुष्कळ आहेत आणि ती तशीच राहोत. एवढे मात्र मला उमगले की हौसेच्या आणि गरजेच्या वस्तू पुष्कळदा एकाच कपाटात ठेवलेल्या असतात. ठोकळ्याच्या हट्टापायी ते कपाट उघडले गेले नसते, तर भिंग तिथेच पडून राहिले असते, आणि तांबूही.

तिसरे प्रकरण मी पुन्हा लिहिले. ‘जमणार नाही’ हे वाक्य तसेच ठेवले आहे. ते खरे आहे. त्याच्या आधी आठ दिवसांचे एक पान वाढले आहे. ते मी आज दुपारी पडद्यावर उघडून ठेवले आणि अंगणात कंदिलाला कागद चिकटवायला बसलो. आतून चाकाची किर्र ऐकू येत होती. बराच वेळ ती एका जागी थांबली. मी खळ लावलेला हात तसाच धरून राहिलो. मग पुन्हा किर्र सुरू झाली, आणि अण्णांचा आवाज आला,

“चहा ठेव रे. आणि पुढचं पान लाव.”